रात्री अडीच वाजता स्थानिक रेडिओ-टीव्हीच्या केंद्रात जागं कोण असतं?

पहाटवारा:

स्थानिक वाहिनीची किंवा रेडिओ केंद्राची खरी परीक्षा रात्री आठच्या चर्चेत होत नाही. ती होते मध्यरात्रीनंतर, रविवारी दुपारी, नाहीतर लागून आलेल्या सुट्ट्यांत. म्हणजे जाहिरातदाराला ज्या वेळेत रस नसतो, त्या वेळेत. अशा वेळी जवळपास स्फोट झाला, धरणातून पाणी सोडलं, रेल्वे घसरली, तर बातमी कोण देतं, किती वेळात देतं आणि पुढचे चार तास ती कोण सांभाळतं? इथल्या जाणकारांशी यावर सविस्तर बोलायचं होतं, म्हणून हा धागा काढतेय.

मी एका वृत्तवाहिनीत बराच काळ रात्रपाळी केली आहे, त्यामुळे आधी आतलं चित्र सांगते. वाहिनी चोवीस तासांची असली तरी माणसं चोवीस तास तेवढीच नसतात. शेवटचं लाइव्ह बुलेटिन संपलं की अँकर घरी जाते, स्टुडिओचे दिवे बंद होतात. मजल्यावर उरतात असाइनमेंटला (बातम्या मागवणारा) एक, आउटपुटला (काय दाखवायचं ते ठरवणारा) एक, एक व्हिडिओ एडिटर, पीसीआरमध्ये (बुलेटिन चालवायची खोली) एक-दोघं आणि एमसीआरला (प्रसारण बाहेर सोडणारी मुख्य नियंत्रण खोली) एक. पडद्यावर तेच बुलेटिन पुन्हा लागतं, मध्ये टेलिशॉपिंगचे स्लॉट. रिपीट लावताना कोपऱ्यातली 'लाइव्ह'ची पाटी आठवणीने काढायची असते. ती राहिली, तर प्रेक्षकाला वाटतं की समोरची बाई आत्ता बोलतेय आणि आत्ता सगळीकडे सामसूम आहे.

बातमी येते ती बहुतेक वेळा स्ट्रिंगरच्या, म्हणजे बातमीमागे पैसे घेणाऱ्या स्थानिक बातमीदाराच्या फोनवरून. "ताई, मोठा आवाज झालाय, लोक पळतायत, मी निघालोय." एवढंच. मग आम्ही पोलीस नियंत्रण कक्षाला, अग्निशमन दलाला, सरकारी रुग्णालयाला फोन लावायचो. तिकडेही रात्रपाळीच. "माहिती घेतोय, दहा मिनिटांनी करा." दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाला की खालच्या पट्टीत एक ओळ सोडता येते, त्याला दोन मिनिटं पुरतात. फोनोही, म्हणजे फोनवरून थेट बोलणंही घेता येतं, पण फोनोवरच्या माणसाला प्रश्न विचारायला कोणीतरी लागतं. मग आउटपुटचाच माणूस माइकवर बसतो आणि पडद्यावर नकाशा आणि स्ट्रिंगरचा फोटो लावला जातो. अँकरचा चेहरा दिसेपर्यंत खूप वेळ निघून जातो. ओबी व्हॅन, म्हणजे जागेवरून थेट चित्र पाठवणारी गाडी काढायची तर ड्रायव्हर, इंजिनिअर, कॅमेरामन या तिघांना उठवावं लागतं. हल्ली मोबाइल नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या बॅकपॅकमुळे हे काम सोपं झालंय खरं, पण मोठ्या आपत्तीत सगळ्यात आधी मान टाकतं ते मोबाइल नेटवर्कच.

रेडिओच्या बाबतीत या विषयावर बोलताना अमेरिकेतल्या मायनॉटचं उदाहरण टाळता येत नाही. नॉर्थ डकोटा राज्यातलं छोटं शहर. १८ जानेवारी २००२ च्या रात्री दीड वाजून गेल्यावर एका मालगाडीचे ३१ डबे शहराच्या कडेला घसरले. त्यातल्या पाच टाक्या फुटल्या आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. बाहेर कडाक्याची थंडी. दारं-खिडक्या लावून घरात थांबायचं की गाडी काढून पळायचं, हे लोकांना कळायला हवं होतं. शहरातली सहाही व्यावसायिक रेडिओ केंद्रं क्लिअर चॅनल या एकाच कंपनीच्या मालकीची होती. लोकांनी रेडिओ लावला तर नेहमीचा कार्यक्रम चालू. एक माणूस त्या रात्री दगावला, तीनशेहून अधिक जणांना इजा झाली.

माझा प्रश्न असा: निर्णय घेऊ शकेल असा एक तरी जागा माणूस रात्री प्रत्येक केंद्रात असावा की नाही? आणि असावा, तर त्याचा पगार कोणी द्यायचा?

एमसीआर_वाला:

धागा काढल्याबद्दल आभार. मी रेडिओच्या तांत्रिक बाजूचा माणूस, तर तिकडचं लिहितो.

आजच्या बहुतेक खासगी केंद्रांत रात्री निवेदक नसतो. दुपारी तो एका बैठकीत चार तासांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवतो, याला आम्ही व्हॉइस ट्रॅक म्हणतो. गाणी, जाहिराती आणि हे तुकडे ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर वेळापत्रकाप्रमाणे जोडत जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी आत्ता आपल्याशी बोलतंय. वेळ सांगितली जाते, शुभ रात्री म्हटलं जातं. पण खोलीत फक्त एसी चालू असतो.

या यंत्रणेला एकच धोका कळतो, तो म्हणजे शांतता. ठराविक सेकंद आवाज गेला नाही की सायलेन्स डिटेक्टर इंजिनिअरच्या फोनवर संदेश पाठवतो आणि मी अंथरुणातून उठून लॅपटॉप उघडतो. शहरात आग लागली, हे त्या यंत्राला कळायचा मार्गच नाही. गाणं वाजतंय ना, मग त्याच्या लेखी सगळं ठीक. घरबसल्या लॅपटॉपवरून मी गाणी थांबवू शकतो, दुसरी फाइल लावू शकतो, पण मी बातमीदार नाही. कोणती फाइल लावायची हे मला कोण सांगणार?

आणखी एक तांत्रिक गोष्ट, जी फारशी बोलली जात नाही. मध्यम लहरींचा, म्हणजे एएमचा सिग्नल सूर्यास्तानंतर वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब जातो. एकमेकांच्या प्रसारणात अडथळा नको म्हणून अमेरिकेत कितीतरी छोट्या एएम केंद्रांना रात्री शक्ती कमी करावी लागते, काहींना तर प्रसारण बंदच ठेवावं लागतं. म्हणजे दिवसा जे केंद्र अख्ख्या जिल्ह्याला ऐकू येतं, ते रात्री गावाच्या वेशीवर संपतं. उलट मोठ्या शक्तीची केंद्रं रात्री दूरदूर पोचतात. न्यू ऑर्लिन्सचं ८७० किलोहर्ट्झवरचं डब्ल्यूडब्ल्यूएल त्यातलंच. २००५ मध्ये कतरिना वादळ आलं, तेव्हा हे केंद्र बोलत राहिलं आणि पुढे एरवीच्या स्पर्धक केंद्रांनी एकत्र येऊन एकच प्रसारण चालवलं. शहर पाण्यात, वीज नाही, तेव्हा बॅटरीवरच्या रेडिओतून लोकांना तेवढंच मिळत होतं.

तळटीप:

पहाटवारा, मायनॉटची गोष्ट थोडी पुरी करतो, कारण ती अर्धीच सांगितली जाते.

पोलिसांचं म्हणणं, आम्ही केंद्राला फोन करत राहिलो, कोणी उचलला नाही. कंपनीचं म्हणणं, आमचा माणूस केंद्रात होता, फोनच्या लाइन लोकांच्या फोनमुळे तुंबल्या होत्या, आणि पोलिसांनी आपत्कालीन इशारा प्रणालीचं स्वतःकडचं यंत्र वापरलंच नाही. शिवाय अपघाताने काही भागातली वीज गेली होती, तेव्हा विजेवरचा रेडिओ आणि टीव्ही तिथे तसाही निरुपयोगी. दोष नेमका कोणाकडे किती, यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद चालला.

मला यातून जे दिसतं ते असं, की साखळीतली प्रत्येक कडी कागदावर होती. पोलिसांकडे यंत्र होतं, एका केंद्राची आपत्कालीन प्रसारणासाठी नेमणूक होती, कायदाही होता. रात्री दीडला ही साखळी हाताने ओढून कधी कोणी पाहिली नव्हती. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तिथे एका कंपनीने देशभर किती रेडिओ केंद्रं घ्यायची यावरची मर्यादा काढून टाकली. त्यानंतर केंद्रं एकाच्या ताब्यात गेली, माणसं कमी झाली. त्यामुळे पगाराचा तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण माणूस ठेवूनही भागत नाही. त्याचा फोन नंबर पोलिसांकडे आणि पोलिसांचा त्याच्याकडे हवा.

कानसेन:

चर्चा वाचतोय. मला मात्र हा प्रश्न जुना झाल्यासारखा वाटतो. २००२ मध्ये खिशात स्मार्टफोन नव्हता. आज सेल ब्रॉडकास्टने ठराविक टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर इशारा जातो, फोन सायलेंट असला तरी कर्कश वाजतो. २०२३ मध्ये आपल्याकडे चाचणीचे संदेश आले तेव्हा सगळ्यांनी ते अनुभवलंय. झोपलेला माणूस रेडिओ लावून झोपत नाही, फोन उशाशी घेऊन झोपतो. मग रिकाम्या स्टुडिओत रात्रभर माणूस बसवून काय साधणार? तोच पैसा इशारा यंत्रणेत घाला.

पहाटवारा:

कानसेन, इशारा फोनवर यावाच, त्याबद्दल दुमत नाही. पण इशाऱ्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाचा विचार करा.

टेक्सासमध्ये ४ जुलै २०२५ ला ग्वादालुपे नदीला पूर आला. सुट्टीचा दिवस, नदीकाठी शिबिरं, तंबू, फिरती घरं. हवामान खात्याने केर काउंटीसाठी अचानक पुराचा इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी दिला होता. तरीही राज्यात १३० हून अधिक माणसं गेली. इशारा निघणं आणि तो पोचून माणसाने अंथरूण सोडणं, यात केवढी मोठी दरी असते ते तिथे दिसलं. फोनवर दोन ओळी येतात. झोपेतून उठलेला माणूस त्या वाचतो आणि पहिला प्रश्न विचारतो, खरंच का? मग तो दुसरीकडे खात्री करायला जातो. शेजाऱ्याला विचारतो, टीव्ही लावतो. टीव्हीवर जर रिपीट बुलेटिन आणि टेलिशॉपिंग दिसलं, तर तो काय समजेल? काही विशेष नाही, असंच ना? म्हणजे झोपलेली वाहिनी नुसती निरुपयोगी ठरत नाही, ती खोटा दिलासा देते. मला सगळ्यात जास्त याची भीती वाटते.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. अमेरिकेच्या हवाई राज्यात १३ जानेवारी २०१८ ला, शनिवारी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी सगळ्यांच्या फोनवर संदेश आला की क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, ही चाचणी नाही. संदेश चुकून गेला होता, आणि तो चुकीचा असल्याचा दुसरा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. अशा वेळी "आम्ही अधिकाऱ्यांशी बोललो, धोका नाही" असं सांगणारा ओळखीचा आवाज शनिवारी सकाळीही हवा असतो. फोनला उलटा प्रश्न विचारता येत नाही, बातमीदार आपल्या वतीने तो विचारतो.

आशय:

दोन्ही बाजू पटतायत, पण एक काळजी मांडतो. रात्री चुकीची बातमी जाण्याचा धोका दिवसापेक्षा किती तरी मोठा. दुजोरा देणारे झोपलेले, वरिष्ठ झोपलेले, आणि जो जागा आहे तो एकटा आणि थकलेला.

जानेवारी २००६, अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली सेगो कोळसा खाण. स्फोटानंतर तेरा कामगार आत अडकले होते. ३ तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास बाहेर जमलेल्या कुटुंबांपर्यंत बातमी आली की बारा जण जिवंत सापडले. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रडत-हसत एकमेकांना मिठ्या मारत होते आणि वाहिन्या ते थेट दाखवत होत्या. सुमारे तीन तासांनी खरं कळलं: बारा मृत, एकच जिवंत. तोवर कितीतरी वृत्तपत्रं चुकीच्या मथळ्यासकट छापून झाली होती. बचाव पथकाच्या निरोपाचा मध्येच कुठेतरी अर्थ बदलला, आणि कोणत्याही वाहिनीने "हे तुम्हाला कोणी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलंय का" हे शेवटपर्यंत विचारलं नाही.

म्हणून रात्री सावकाश जाणारी वाहिनी मला चालेल. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल, पण एखाद्या आईला मुलगा जिवंत असल्याचं सांगून तीन तासांनी ते मागे घेणं नको.

पहाटवारा:

आशय, तुमचं शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच मी 'निर्णय घेऊ शकेल असा माणूस' म्हटलं. रात्रपाळी म्हणजे नव्या मुलांना शिकायला टाकायची जागा, ही वृत्ती मी जवळून पाहिली आहे. सगळ्यात अनुभवी माणसं सकाळी दहा ते रात्री दहा, आणि जे नुकते लागले ते पहाटे तीनला एकटे. मृतांचा आकडा पट्टीत सोडायचा की नाही हे बावीस वर्षांच्या पोराने ठरवायचं, आणि चुकलं की सकाळी त्यालाच बोलणी. अनुभवी माणसाला "थांब, आत्ता नको" असं म्हणता येतं, नव्याची तेवढी छाती नसते.

आणि थांबायचं म्हणजे गप्प बसायचं नाही. "अमुक भागात मोठा आवाज झाल्याचे फोन येत आहेत, कारण अजून कळलेलं नाही, अग्निशमन दल निघालं आहे, त्या रस्त्याने जाऊ नका." या वाक्यात एकही न तपासलेली गोष्ट नाही, आणि ऐकणाऱ्याच्या कामाचं सगळं आहे. सेगोच्या रात्रीही "बारा जिवंत असल्याचं कुटुंबीय सांगत आहेत, कंपनीकडून किंवा बचाव पथकाकडून अधिकृत दुजोरा आलेला नाही" एवढं दर पाच मिनिटांनी म्हणता आलं असतं.

जुनी_टेप:

अवांतर वाटेल, पण विषयाशी जोडलेलं आहे. आज आपण 'लगेच स्टुडिओत जाऊ' म्हणतो ते एके काळी यंत्रामुळेच शक्य नव्हतं. २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, दुपारी साडेबारा. राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा अमेरिकेत टीव्हीवर दुपारच्या मालिकांची वेळ, म्हणजे बातम्यांच्या दृष्टीने मरगळलेली. सीबीएस या वाहिनीने पहिली बातमी दिली ती न्यूयॉर्कच्या वेळेनुसार १:४० ला, आणि ती नुसत्या आवाजात. पडद्यावर 'बुलेटिन' असं लिहिलेली पाटी आणि मागे वाहिनीचे निवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचा आवाज. कारण त्या काळच्या कॅमेऱ्याच्या नळ्या तापायला वीसेक मिनिटं लागत आणि दुपारी बातम्यांच्या खोलीत कॅमेरा चालू ठेवलेला नसे. क्रॉन्काइट पडद्यावर दिसले ते दोनच्या सुमारास. त्यानंतर बातम्यांच्या खोलीत एक कॅमेरा कायम तयार ठेवायची सोय केली गेली.

आज कॅमेरा तापवावा लागत नाही. पहाटवारा यांनी वर्णन केलेला उशीर माणूस उठून येईपर्यंतचा आहे. यंत्राची अडचण सुटली आणि नेमकी त्याच काळात रात्रीची माणसं कमी झाली, हे मला फार खटकतं.

दुसरं उदाहरण जपानमधल्या कोबेच्या भूकंपाचं. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या कोबे केंद्रातलं एक चित्रीकरण जगभर दाखवलं गेलं: रात्रपाळीचा बातमीदार कचेरीतच झोपलेला आहे, अचानक सगळी खोली गदगदा हलते, कपाटं कोसळतात. हे कोणी मुद्दाम चित्रित केलेलं नव्हतं. धक्का बसला की आधीच्या काही सेकंदांसकट चित्र जपून ठेवणारं यंत्र तिथे बसवलेलं होतं. मला त्या चित्रात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो बातमीदार केंद्रात झोपला होता. घरून यायचं असतं तर मोडलेल्या रस्त्यांवरून तो कधी पोचला असता?

तळटीप:

जुनी_टेप, कोबेचा उल्लेख केलात ते बरं झालं. त्या भूकंपात ६,४०० हून जास्त माणसं गेली. नंतरच्या दिवसांत मोठ्या वाहिन्या हेलिकॉप्टरमधून आगी दाखवत राहिल्या, पण जो जगला त्याला वेगळंच हवं होतं: पाण्याचा टँकर कुठे, कोणता दवाखाना चालू, शाळेच्या आसऱ्यात कोणाकोणाची नावं. हे स्थानिक रेडिओने दिलं. कोबेच्या नागाता भागात कोरियन आणि व्हिएतनामी वस्ती मोठी. त्यांच्यासाठी त्यांच्या भाषांत छोटी प्रसारणं सुरू झाली आणि त्यातूनच वर्षभराने एफएम वाय वाय हे बहुभाषिक सामुदायिक केंद्र उभं राहिलं.

जपानने यंत्र आणि माणूस यांची कामं नीट वाटून घेतली आहेत असं मला वाटतं. ऑक्टोबर २००७ पासून भूकंपाची पूर्वसूचना टीव्हीच्या पडद्यावर आपोआप येते, त्यात कोणाच्या परवानगीची वाट पाहिली जात नाही. पहिली काही सेकंदं यंत्राची, त्यानंतर माणूस. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, नववर्षाची सुट्टी, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. एनएचकेची निवेदिका अक्षरशः ओरडून सांगत होती, त्सुनामी येतेय, आत्ताच्या आत्ता पळा, मागे फिरू नका. २०११ च्या त्सुनामीत निवेदकांचा शांत स्वर लोकांना उठवायला पुरेसा पडला नाही, या जाणिवेतून ही पद्धत आखली गेली होती. सुट्टीच्या दिवशी हजर असलेल्या निवेदिकेलाही ती पाठ होती, यातच सगळं आलं.

नीरजा_मा:

आपल्याकडचा कायद्याचा मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहिते. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. खासगी एफएमसाठीच्या सरकारच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी, काहीही फेरफार न करता प्रसारित करायची मुभा मिळाली. सामुदायिक रेडिओचंही साधारण तसंच. मात्र त्याच धोरणात काही गोष्टी 'बातमी' धरल्या जात नाहीत: वाहतूक, हवामान, परीक्षा, वीज-पाण्याबद्दलच्या सूचना, आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या नैसर्गिक आपत्तीच्या व आरोग्याच्या सूचना.

म्हणजे रात्री पूर आला, तर खासगी एफएमला प्रशासनाची सूचना वाचून दाखवायला कायद्याची आडकाठी नाही. पण स्वतःचा बातमीदार पाठवून "इथे पाणी किती आहे" हे सांगायचं म्हटलं की अडचण. त्यामुळे या केंद्रांनी बातमीचा विभाग कधी उभाच केला नाही, आणि जो विभागच नाही त्याची रात्रपाळी कुठून येणार? ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात. माझ्या मते ही परवानगी द्यावी, आणि देताना एक अट घालावी: ज्याला दिवसा बातम्या द्यायच्या आहेत त्याने रात्रीही माणूस ठेवावा.

आकाशवाणीच्या अनेक स्थानिक केंद्रांचं प्रसारण परंपरेने रात्री अकराच्या सुमारास थांबून पहाटे सहाच्या आत पुन्हा सुरू होत आलं आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला झाला, बरोबर त्या मधल्या काळात. चोवीस तास बातम्या देणारी मराठी वाहिनी तेव्हा एकही नव्हती.

कानसेन:

नीरजाताई, एफएमच्या नियमाची माहिती उपयोगी. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. खासगी केंद्राला रात्री उत्पन्न जवळपास शून्य. तीन पाळ्यांत अनुभवी माणूस ठेवायचा म्हणजे सुट्ट्या धरून चार-पाच जणांचा पगार. छोट्या केंद्राला हे परवडणार नाही, आणि सक्ती केलीत तर ते केंद्रच बंद होईल. मग दिवसाचंही गेलं.

सिस्टर_मीनल:

मी रुग्णालयात काम करते, रात्रपाळ्या नेहमीच्याच. रात्री कोणी ऐकत नाही असं इथे गृहीत धरल्यासारखं वाटलं, म्हणून लिहिते. वॉर्डात, सुरक्षारक्षकाच्या चौकीत, ट्रकच्या केबिनमध्ये, टोलनाक्यावर रात्रभर रेडिओ चालू असतो. आणि आपत्ती आली की पहिले कामाला लागणारे हेच लोक. मोठा अपघात झाला तर रुग्ण आमच्याकडे येणार असतात. अधिकृत फोन येण्याआधी रेडिओवर कळलं, तर आम्ही खाटा मोकळ्या करतो, ऑन कॉल डॉक्टरांना उठवतो.

बातमी देताना एक करा, जागेचं नाव सारखं सांगत राहा. मधूनच रेडिओ लावणाऱ्याला सुरुवात ऐकायला मिळालेली नसते. टीव्हीवर तर कहर असतो. ढणढण संगीत, लाल पट्ट्या, आणि जागेचं नाव शोधावं लागतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पट्टीत नुसतं 'मोठी दुर्घटना' लिहून उपयोग काय? कुठे, किती वाजता, आणि आता काय करायचं, एवढं लिहा.

पहाटवारा:

मीनलताई, तुमचा प्रतिसाद मी जुन्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे. जागेचं नाव पुन्हा पुन्हा सांगणं ही गोष्ट आम्हाला शिकवलेली असते आणि घाईत नेमकी तीच सुटते.

कानसेन, परवडण्याचा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देत नाही. पण प्रत्येक केंद्राने एकट्याने रात्रपाळी करायची गरज नाही. एका भागातल्या चार-पाच केंद्रांनी मिळून एक रात्रीचा डेस्क चालवावा. माणूस एक, पण सगळ्या केंद्रांचं प्रसारण तोडून बोलायचा अधिकार त्याला. कतरिनाच्या वेळी स्पर्धकांनी हे संकट कोसळल्यावर केलं, आपण आधी करू. आळीपाळीने खर्च. प्रशासनाने आपत्ती निधीतून थोडा भार उचलावा, पण संपादकीय निर्णयात हात घालू नये. फक्त तो डेस्क त्याच भागातला हवा. दुसऱ्या राज्यात बसलेल्या माणसाला कोणत्या नदीचं पाणी कोणत्या पुलावर आधी येतं हे ठाऊक नसतं, आणि गावाचं नाव चुकीचं उच्चारलं की ऐकणाऱ्याचा विश्वासच उडतो.

एमसीआर_वाला:

हे तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य आहे. ऑटोमेशनला बाहेरून एक लाइन देता येते, ती चालू झाली की वेळापत्रक थांबतं आणि थेट आवाज जातो. अमेरिकेत हवामान खात्याची स्वतंत्र रेडिओ सेवा १०५० हर्ट्झचा सूर सोडून गप्प ठेवलेले खास संच जागे करते, तंत्र साधारण त्याच जातीचं. खर्च फार नाही. अडतं ते अधिकारावर. व्यवस्थापनाची पहिली भीती: रात्री तीनला कोणीतरी उगाच कार्यक्रम तोडला तर? माझ्या ओळखीच्या एका केंद्रात जाहिरातीच्या मध्ये सूचना दिली म्हणून रात्रपाळीच्या मुलाला जाब विचारला गेला होता. त्यानंतर तिथे कोणी बटणाला हात लावेना.

तळटीप:

मग तो अधिकार आधीच लिहून द्यायला हवा. कोणत्या परिस्थितीत कोणाला न विचारता प्रसारण तोडायचं, हे केंद्रप्रमुखाच्या सहीने कागदावर. आणि महिन्यातून एकदा रात्री खरोखरीचा सराव, नियंत्रण कक्षाला सोबत घेऊन. मायनॉटमध्ये हा सराव झाला असता, तर कोणाचं यंत्र चालत नाही ते आधीच कळलं असतं.

पहाटवारा:

सहमत. इथे कोणी केंद्रात काम करणारं असेल, तर त्यांनी या आठवड्यात दोन गोष्टी बघून इथे लिहाव्यात: रात्री पोलीस नियंत्रण कक्षातून थेट उचलला जाईल असा नंबर तुमच्या डेस्कवर आहे का, आणि तुमचा तसा नंबर त्यांच्याकडे आहे का. स्वागतकक्षाचा नंबर धरायचा नाही, रात्री तो कोणी उचलत नाही.

एमसीआर_वाला:

आमच्याकडचं लगेच सांगतो. नियंत्रण कक्ष, अग्निशमन, धरणाचा पूर नियंत्रण कक्ष, वीज कंपनी, असे नंबर कन्सोलशेजारच्या काचेवर चिकटवलेले आहेत आणि बदलले की त्याच दिवशी बदलतो. आमचा थेट नंबर त्यांच्याकडे आहे का, हे मात्र कधीच तपासलं नाही. आज रात्रपाळीला आहे, फोन करून विचारतो. आणि तळटीप यांनी म्हटलेल्या सहीच्या कागदाचा मसुदा कोणी इथे टाकलात, तर सोमवारी केंद्रप्रमुखांसमोर ठेवतो.

नीरजा_मा:

मसुदा मी करते. प्रशासनाच्या सूचना बातमीत धरल्या जात नाहीत हे धोरणातलं कलम त्यात घालते, म्हणजे कायद्याचं कारण पुढे करून कोणी अडवणार नाही. उद्या रात्रीपर्यंत टाकते. मीनलताई, सूचनेचा नमुना मजकूर तुम्ही लिहाल का? जागा, वेळ, काय करायचं, या क्रमाने.

सिस्टर_मीनल:

हो, लिहिते. पूर, आग, वायुगळती असे तीन वेगळे करते, कारण वायुगळतीत 'घराबाहेर पडू नका' सांगायचं आणि पुरात नेमकं उलट.